लग्न-कीर्तनाच्या एडिटिंगला फिल्मोरा घेऊ, प्रीमियर घेऊ का फुकटचं दाविंचीच बास?

बार्शीचा_पक्या:

नमस्कार मंडळी. बार्शी आणि आजूबाजूच्या गावात लग्नाचे शूट करतो, शिवाय सप्त्यातली कीर्तनं रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकतो. आत्तापर्यंत रील वगैरे मोबाईलवरच व्हीएन नाहीतर काइनमास्टरवर उरकत होतो आणि लग्नाचा मोठा व्हिडिओ बाहेर एडिटरकडे हार्डडिस्क पाठवून करून घेत होतो, पण सीझनमध्ये तिकडनं लवकर येत नाही आणि इकडं पार्टी माझ्या दारात. म्हणून आता स्वतःच शिकायलोय. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू होतील, त्याच्या आधी हात बसला पाहिजे.

मशीन असं आहे: आय-५ १०४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चं ४ जीबीवालं कार्ड, सी ड्राइव्ह एसएसडी आणि बाकी सगळं साध्या हार्डडिस्कवर. कॅमेरा सोनी ए६४००, दुसरा मित्राचा कॅनन २००डी, आणि कधी कधी मोबाईल.

आता प्रश्न. फिल्मोरा एकदाच पैसे भरून मिळतंय आणि सोपं वाटलं, ट्रायल टाकून बघितलं तर एका दिवसात गाणं कट करून झालं पण. प्रीमियरचं महिन्याला भाडं, पण जो तो म्हणतो प्रोफेशनल व्हायचं तर प्रीमियरच. आणि दाविंची फुकट आहे म्हणतात, पण फुकट म्हणल्यावर काहीतरी मेख असणारच ना? बजेट सगळं धरून पंचवीस-तीस हजार, त्याच्या वर घरचे ओरडतील. इथला एकजण पाचशे रुपयात 'लाइफटाइम' प्रीमियर टाकून देतो म्हणतोय, ते नको वाटायलंय पण मोह होतो हे खरंय.


टाइमलाइनवाला:

पाचशेवालं पहिल्यांदा डोक्यातनं काढ. क्रॅकमधून (म्हणजे लायसन्स तोडून चोरलेल्या सॉफ्टवेअरमधून) येणारे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस, काय गमतीचा विषय नाहीये, स्टॉप-डीजेव्हीयू नावाची एक अख्खी जात आहे तिचा मुख्य धंदाच क्रॅक सॉफ्टवेअरमधून पसरण्याचा, आणि तुझ्या डिस्कवर दुसऱ्याच्या लग्नाचं एकमेव फुटेज असतं. सॉफ्टवेअर परत टाकता येतं, मंगलाष्टका परत शूट करता येत नाहीत.

आता मेखेबद्दल, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. दाविंची हे मुळात सिनेमाच्या कलर ग्रेडिंगचं, म्हणजे रंग सुधारून बसवायचं मशीन होतं, लाखो डॉलरच्या घरातलं, २००९ ला ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली आणि नंतर फुकट व्हर्जन काढलं. ब्लॅकमॅजिक ही ऑस्ट्रेलियाची कंपनी मुख्यतः कॅमेरे, स्विचर, कॅप्चर कार्ड असलं सामान विकते. लग्नात लाइव्ह करणाऱ्यांकडे एटेम मिनी नावाचा छोटा स्विचर बघितला असशील, तो त्यांचाच. म्हणजे तू फुकट सॉफ्टवेअरवर शिकलास की उद्या कॅमेरा नाहीतर स्विचर त्यांचा घेशील हा हिशोब, आणि पैसेवालं स्टुडिओ व्हर्जन आहेच. वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. फक्त स्टुडिओमधला एखादा इफेक्ट चुकून टाकलास तर तेवढ्यावर शिक्का मारून दाखवतं, तो काढून टाकायचा की झालं.

फुकटात काय मिळत नाही ते मात्र नीट ऐक, कारण तुझ्या कामाला त्यातलं काही लागणार आहे. एक म्हणजे नॉइज रिडक्शन. हॉलमध्ये रिसेप्शनला लाइट कमी आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) चढवलेला, तिथे दाणे येतात, ते काढायची सोय स्टुडिओतच. दुसरं फेस रिफाइनमेंट, मॅजिक मास्क, व्हॉइस आयसोलेशन ही जी जादूची बटणं यूट्यूबवर दाखवतात ती स्टुडिओची. एक्सपोर्ट ४के यूएचडीपर्यंत, ६० फ्रेमपर्यंत, त्याची तुला अडचण नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी सांगत नाही: विंडोजवर फुकट व्हर्जनमध्ये एच.२६४ चं (कॅमेरे-मोबाईल व्हिडिओ दाबून ज्या प्रकारात साठवतात त्याचं) ओझं बरंचसं प्रोसेसरवर पडतं, ग्राफिक कार्डचं पूर्ण अ‍ॅक्सिलरेशन स्टुडिओला आहे. त्यामुळे लोक फुकटवालं टाकतात, ४के क्लिप टाइमलाइनवर ओढतात, अडखळायला लागलं की म्हणतात दाविंची जड आहे. जड आहेच, पण प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला बनवून काम करायचं असतं. क्लिप सिलेक्ट करून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी, जेवायला जा, आलास की लोण्यासारखं चालतं.

तुझं कार्ड ४ जीबीचं आहे, म्हणून टाइमलाइन एचडीच ठेव. ४के टाइमलाइनवर थोडं ग्रेडिंग केलंस की जीपीयू मेमरी फुल असा मेसेज येणार. पार्टी पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघते, ४के शूट करून एचडीत दे, वर झूम करायला जागा पण मिळते.

माझं मत म्हणशील तर यंदाचा सीझन फुकट दाविंचीवर काढ आणि पैसे मशीनला लाव. रॅम १६ ची ३२ कर आणि फुटेजसाठी वेगळी एसएसडी घे. ए६४०० वर ४के १०० एमबीपीएसने शूट करत असशील तर तासाला ४५ जीबी होतात, ते साध्या हार्डडिस्कवरून दोन कॅमेऱ्याचं एकत्र वाचायला गेलास की कुठलंही सॉफ्टवेअर रडणार, प्रीमियर पण. पुढच्या वर्षी गरज वाटली तर स्टुडिओ घे, २९५ डॉलर आहे, जीएसटी धरून तीस हजाराच्या आसपास जातं, एकदाच, दोन मशीनवर चालतं आणि आजपर्यंत पुढच्या व्हर्जनचे वेगळे पैसे घेतलेले नाहीत. प्रोजेक्ट तेच उघडतात, परत शिकायला नको.

प्रीमियर कधी घ्यायचं ते पण सांगतो. तुझी फाइल पुढे दुसऱ्या एडिटरकडे जाणार असेल तेव्हा. पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं काम घेतलंस तर ते सरळ प्रीमियरचं प्रोजेक्ट मागतात, आफ्टर इफेक्ट्सचे टेम्प्लेट, मोगर्ट (प्रीमियरमध्ये चालणारे तयार ग्राफिक) पाठवतात, तिथे दाविंची दाखवून चालत नाही. मी दिवसभर प्रीमियरवरच असतो, पगार त्यावरच आहे. पण बार्शीत नवरीचा मामा प्रोजेक्ट फाइल मागणार नाही.


रंकाळा७८:

वरच्या भावानं लिहिलंय ते सगळं बरोबर असंल पण पुण्यात एसीत बसून लग्नाचं एडिटिंग कळत नाही, राग मानू नका. पक्या, तू एडियस का नाही बघितलंस? लिस्टमध्येच नाही तुझ्या. आमच्याकडं कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात कुठल्याबी जुन्या मिक्सिंगवाल्याकडं (म्हणजे लग्नाच्या व्हिडिओ एडिटरकडं) जा, एडियसच दिसणार.

मी पॅनासोनिकच्या एमडी १०,००० च्या काळापास्नं आहे, खांद्यावर कॅमेरा आणि मिनी डीव्ही टेप. तेव्हा कॅनोपसचं कार्ड घ्यायचं त्याबरोबर एडियस यायचं, जपानी कंपनी, २००५ ला ग्रास व्हॅलीनं घेतली. त्याची खासियत अशी की टाइमलाइनवर काहीबी टाक, डीव्ही टाक, एचडी टाक, मोबाईलचं टाक, ते प्रॉक्सी-बिक्सी न करता चालतंय. तीन कॅमेरे सिंक करायचे, मल्टिकॅमला टाकायचं आणि नंबरची बटणं दाबत अख्खी हळद-लग्न-जेवणावळ बघत बघत कापायची. जेवढ्या तासांचं फुटेज तेवढ्या तासांत कच्चा कट तयार. मे महिन्यात तिथीला तिथी लागून असतात तेव्हा कलर ग्रेडिंग कोण बघतंय, पार्टीला पूजेला पेनड्राइव्ह पाहिजे असतो.

शिवाय एडियसचे तयार प्रोजेक्ट बाजारात मिळतात, गाण्याचे, टायटलचे, नवरा-नवरीचे फोटो टाकले की झालं. चव-बिव नसते त्याला, गुलाबाच्या पाकळ्या उडतात आणि हृदयातनं नवरदेव बाहेर येतो, पण गावाकडं लोक तेच मागतात, 'त्यांच्या लग्नात होतं तसं पाहिजे' म्हणून.

फुकट नाही एवढंच. पण भाडं पण नाही.


टाइमलाइनवाला:

काका, राग नाही आला, आणि एसी पण कालपासून बंद आहे. मल्टिकॅमच्या वेगाबद्दल तुमचं खरं आहे, पण मल्टिकॅम दाविंचीच्या फुकट व्हर्जनमध्ये पण आहे, आवाजावरून सिंक करून देतं आणि नंबरची बटणं दाबूनच कापायचं. फरक एवढाच की त्याआधी प्रॉक्सीसाठी रात्रभर मशीन चालू ठेवावं लागतं. आणि नवीन शिकणाऱ्याला आज एडियसचं ट्यूटोरियल किती मिळणार आणि दाविंचीचं किती, हे पण बघा ना. ब्लॅकमॅजिकच्या स्वतःच्या साइटवर ट्रेनिंगची पुस्तकं आणि सरावाचं फुटेज फुकट पडलंय. तुम्ही उस्तादाच्या हाताखाली शिकलात, पक्याला यूट्यूबच उस्ताद आहे.


रंकाळा७८:

ते मान्य. उस्ताद पण कुठं शिकवायचा म्हणा, बघून बघून चोरायचं.


नुसताच_वाचक:

कॅपकट का नाही सांगत कोणी? सगळ्यात सोपं तेच.


टाइमलाइनवाला:

कारण ते बाइटडान्सचं आहे, टिकटॉकवाल्यांचं, आणि भारतात २०२० पासून बंद. व्हीपीएन लावून वापरणारे आहेत, पण धंदा असल्या जुगाडावर उभा करू नये, एखाद्या दिवशी लॉगिन झालं नाही तर आत अडकलेलं काम बाहेर कसं काढणार.


झेडपीच्या_बाई:

मी लग्नाचं काम करत नाही, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, लॉकडाउनमध्ये मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ करायला लागले आणि मग सुटलंच नाही ते. माझ्याकडे साधा आय-३ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, त्यावर उबुंटू. दाविंची टाकून बघितलं होतं, लिनक्सवर फुकट व्हर्जन एच.२६४ ची एमपी४ फाइल उघडतच नाही, म्हणजे मोबाईलवर शूट केलेलं सगळं आधी कन्व्हर्ट करत बसा, मग सोडून दिलं. तेव्हापासून केडेनलाइव्ह वापरते. पूर्ण मोफत, ओपन सोर्स, विंडोजवर पण चालतं, वॉटरमार्क नाही, प्रॉक्सी आहे, आणि मुख्य म्हणजे जुन्या मशीनवर चालतं. मध्येच कधीतरी बंद पडतं त्यामुळे सेव्हचं बटण दाबायची सवय पाहिजे, तेवढी एक खोड आहे.

प्रकाश की काय नाव असेल तुमचं, कीर्तनासाठी तरी तुम्हाला एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरची काय गरज हेच मला कळलं नाही. दोन तासांचं कीर्तन, एक नाहीतर दोन कॅमेरे, सुरुवातीला महाराजांचं नाव, गाव, तारीख, शेवटी पसायदान. त्यात कट किती असणार? खरा प्रश्न आवाजाचा असतो. कॅमेऱ्याच्या माइकवर रेकॉर्ड करत असाल तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ऐकवत नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन काढून छोट्या रेकॉर्डरवर घ्या आणि नंतर जुळवा.


बार्शीचा_पक्या:

बाई, पांडुरंग नाव आहे, घरी पक्या म्हणतात ते कसं झालं कुणालाच माहित नाही. आवाजाचं अगदी बरोबर बोललात, लाइन घेतो पण मिक्सरवाला मृदंगाचा माइक एवढा वर ठेवतो की महाराजांचा शब्द ऐकू येत नाही. मला वाटलं ते एआयवालं आवाज साफ करायचं बटण दाबलं की झालं, म्हणून तर फिल्मोराकडं ओढ होती.

अजून एक विचारायचं राहिलं, फिल्मोराबद्दल कोणीच काय बोललं नाही. ते वाईट आहे का नुसतं बदनाम आहे?


टाइमलाइनवाला:

वाईट नाही. रील, छोटं गाणं, वाढदिवस, बारसं यासाठी झकास, आणि एका दिवसात जमलं म्हणालास ते खोटं नाही. पण विकत घेताना तीन गोष्टी वाचून घे. 'परपेच्युअल' म्हणजे कायमचं असलं तरी ते त्या व्हर्जनपुरतं असतं, पुढचं मोठं व्हर्जन आलं की वेगळे पैसे. एआयच्या गोष्टी क्रेडिटवर चालतात, क्रेडिट संपले की परत घ्या. आणि त्यातली गाणी-इफेक्ट धंद्यासाठी वापरायची असतील तर कुठला प्लॅन लागतो ते नीट बघ, वैयक्तिक आणि बिझनेस असे प्लॅन वेगवेगळे आहेत. तू पार्टीकडून पैसे घेऊन काम करणार, घरच्या सहलीचा व्हिडिओ नाहीये हा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तीन-चार तासांची मोठी टाइमलाइन, दोन कॅमेरे, वेगळा ऑडिओ असं झालं की ते तुला मध्येच थांबवणार आणि तेव्हा सीझन भरात असेल. मग सीझनच्या मधोमध दुसरं शिकायला बसशील.

प्रीमियरच्या भाड्याबद्दल पण एक. वर्षाचा हिशोब केलास तर वीस हजाराच्या घरात जातं, आत्ताचा दर साइटवर बघ कारण बदलत राहतो. स्वस्त दिसतो तो प्लॅन म्हणजे वर्षाचा करार, फक्त पैसे महिन्याने. दोन महिने वापरून बंद करू म्हणशील तर पहिल्या १४ दिवसांनंतर उरलेल्या रकमेच्या निम्मे मागतात. अमेरिकेत याच गोष्टीवरून २०२४ ला फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅडोबीला कोर्टात खेचलं. मोकळा महिन्याचा प्लॅन वेगळा असतो, महाग असतो, पण सीझनपुरतं घ्यायचं तर तोच परवडेल. २०१२ चं सीएस६ हे शेवटचं एकदा पैसे भरून मिळणारं होतं, त्याच्या आठवणी काढणारे अजून भेटतात.

एआयने आवाज साफ करण्याबद्दल: ही सगळी यंत्रं एका माणसाच्या बोलण्यासाठी शिकवलेली असतात. टाळ म्हणजे त्यांच्या हिशोबाने आवाज नाही, गोंगाट. महाराज अभंग गातात आणि मागे टाळकरी धरतात तिथे ते टाळ खाऊन टाकतं आणि चाल पण विचित्र होते. निरूपणाच्या गद्य भागावर थोडं वापर, गजरावर हात लावू नकोस. त्यापेक्षा महाराजांच्या उपरण्याला स्वतःचा एक कॉलर माइक लाव. तो ट्रॅक वेगळा, मिक्सरची लाइन वेगळी, मग दाविंचीच्या फेअरलाइट पेजमध्ये दोन्हीची लेव्हल हाताने बसव, ते पेज फुकट व्हर्जनमध्ये आहे.


अक्षरवेडा:

एवढी चर्चा झाली आणि मराठी अक्षरांबद्दल एक शब्द नाही, कमाल आहे. लग्नाच्या व्हिडिओत पहिल्या दहा सेकंदात नावं येतात आणि तिथेच सगळी शोभा होते. वेलांटी भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर फुटलेलं, 'श्रेया'चं 'श् रेया'. लाखाचा कॅमेरा आणि नवरीचं नाव तुटकं.

देवनागरी नुसती अक्षरं शेजारी शेजारी मांडून होत नाही, वेलांटी टाइप नंतर होते पण दिसते आधी, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, हे सगळं जुळवणारं इंजिन सॉफ्टवेअरमध्ये असावं लागतं. कुठलंही घ्यायच्या आधी त्याच्या टायटलमध्ये ही ओळ टाकून बघा:

चि. सौ. कां. श्रेया, ज्येष्ठ कन्या, कऱ्हाडचे क्षीरसागर, कार्यालय: वाऱ्याची वाडी, मुहूर्त दुपारी १२ वा. ३५ मि.

यातला कऱ्हाड आणि वाऱ्यामधला ऱ्य ही खरी परीक्षा, कारण तो हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीवाल्यांनी 'सगळं बरोबर दिसतंय' म्हणून सांगितलेलं असतं आणि आपल्याकडे येऊन बोंबलतं.

प्रीमियरमध्ये हे नीट येतं पण आपोआप नाही. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करायचं. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं, मग फॉन्टला शिव्या देतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये पण टाइपच्या प्रेफरन्समध्ये तसंच आहे. दाविंचीच्या जुन्या व्हर्जनमध्ये टेक्स्ट प्लस या टायटलच्या टूलमध्ये जोडाक्षरं फुटायची, त्यामुळे तुमच्या व्हर्जनवर वरची ओळ टाकून स्वतः खात्री करा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. केडेनलाइव्हचं टायटल बरोबर येतं, बाईंना म्हणूनच कधी त्रास झाला नसेल.

आणि फुटलंच तर दोन वाटा आहेत. चांगली वाट म्हणजे टायटल इंकस्केपमध्ये बनवायचं, ते मोफत आहे आणि देवनागरी व्यवस्थित लावतं, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी काढायचं आणि टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकवर टाकायचं. हलवा, झूम करा, फेड करा, काय पाहिजे ते. दुसरी म्हणजे जुनी वाट, श्रीलिपीसारखे युनिकोड नसलेले फॉन्ट. त्यात आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि वर मराठी आकार चढवलेले, त्यामुळे जुळवायचं इंजिन लागतच नाही आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतात. जुने मिक्सिंगवाले एडियसमध्ये वर्षानुवर्षं हेच करत आलेत. पण तो मजकूर दुसरीकडे कॉपी केला की नुसता कचरा, सबटायटलला उपयोग शून्य.

फॉन्ट मोफत आणि धंद्याला चालणारे भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू आहेत, टायरो देवनागरी मराठी आहे ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. पत्रिकेत मराठी ल आणि व्हिडिओत हिंदी ल, हे पार्टीला सांगता येत नाही पण काहीतरी परकं वाटतंय एवढं कळतं. कृपा करून सोनेरी, चमचमती, थ्रीडी अक्षरं टाकू नका. हे माझं वैयक्तिक दुखणं आहे, सोडून द्या.


रंकाळा७८:

सोनेरी टाकली नाहीत तर पार्टी म्हणते टायटल केलंच नाही. तुम्ही या एकदा दुकानात बसायला.


अक्षरवेडा:

येतो, पण मिसळ तुमची.


बार्शीचा_पक्या:

ती ओळ आत्ता टाकून बघितली. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये बरोबर येतंय. दाविंची पण डाउनलोड करून टाकलं, मोठं आहे फाइल, गावातल्या नेटवर रात्र गेली. टेक्स्ट प्लसमध्ये मी टाकलेल्या फॉन्टला 'कऱ्हाडचे' मधला ऱ्ह वेगळा दिसायलाय, मुक्ता टाकून परत बघतो, नाहीतर मग पीएनजीच बरं, तसंही सगळी टायटलं एकदाच बनवून ठेवायची आणि नावं बदलायची.

प्रॉक्सी केल्यावर ४के क्लिप खरंच पळायलीत, हे माहित असतं तर फिल्मोराची ट्रायल पण घेतली नसती. पण मोबाईलवर मित्राने काढलेली वरातीची क्लिप टाकली तर आवाज हळूहळू पुढं जातोय, सुरुवातीला बरोबर आणि शेवटाला बँजोचा ठोका आधी आणि नाचणाऱ्याची उडी नंतर. हे काय आहे?

अजून एक, नवीन बॉडी घ्यायची चर्चा चाललीय घरात (मामा पैसे देणार आहे), सोनीचा ए७ मार्क ४. तो घेतला तर हेच मशीन चालेल ना?


टाइमलाइनवाला:

आवाजाचं सोपं आहे. मोबाईल फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, लाइट कमी-जास्त झाला किंवा फोन तापला की फ्रेम कमी-जास्त करतो, त्याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आवाज मात्र सरळ चालतो, म्हणून फारकत होते. हँडब्रेक नाहीतर शटर एन्कोडर टाक, दोन्ही मोफत, क्लिप आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटवर कन्व्हर्ट कर आणि मगच टाइमलाइनवर घे. हे नवरीच्या मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या क्लिपांना पण करायचं. आणि कॅमेरा २५ फ्रेमवर असेल तर कन्व्हर्ट करतानाच २५ ठेव, टाइमलाइन पण २५. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की कार्यालयातल्या ट्यूबलाइटी पट्टे मारत नाहीत.

ए७ मार्क ४ चं मात्र मामाच्या खिशात हात घालायच्या आधी वाच. तुझा ए६४०० ८-बिट ४:२:० शूट करतो, म्हणजे रंगाची माहिती कमी ठेवतो, ते सगळ्यांना पचतं. ए७ मार्क ४ मध्ये १०-बिट ४:२:२ आहे, रंगाला खूप वाव मिळतो, पण ते उघडून चालवायला हार्डवेअरमध्ये वेगळी सोय लागते. एच.२६५ चं (एच.२६४ च्या पुढच्या प्रकाराचं) ४:२:२ इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जमतं, तुझा १० व्या पिढीचा आहे, म्हणजे बरोबर एक पायरी खाली. एनव्हिडियाला ते २०२५ च्या आरटीएक्स ५० सिरीजपासून जमायला लागलं, तुझ्या १६५० ला नाही. शिवाय विंडोजवर दाविंचीचं फुकट व्हर्जन १०-बिट ४:२:२ घेतच नाही, तिथे स्टुडिओ घ्यावंच लागेल. म्हणजे कॅमेरा मामाचा, पण मागून प्रोसेसर, बोर्ड आणि सॉफ्टवेअर तुझं. घेतलास तरी तूर्त मेनूत जाऊन ८-बिट ४:२:० वरच शूट कर, तेव्हा हेच मशीन चालेल.


झेडपीच्या_बाई:

पांडुरंग, यांनी एक सांगितलं नाही ते मी सांगते, माझ्या भाच्याने दाविंचीवर काम केलंय म्हणून माहिती. त्यात प्रोजेक्टची फाइल डेस्कटॉपवर दिसत नाही, सगळी प्रोजेक्टं आत डेटाबेसमध्ये असतात. विंडोज परत टाकायची वेळ आली आणि सी ड्राइव्ह पुसला की प्रोजेक्टं गेली, फुटेज डी ड्राइव्हला असलं तरी.


टाइमलाइनवाला:

बरोबर बाई, राहूनच गेलं. रोज काम संपलं की फाइल मेनूतून एक्सपोर्ट प्रोजेक्ट करून डीआरपी फाइल दुसऱ्या डिस्कवर आणि जमल्यास गूगल ड्राइव्हवर पण टाक, छोटीशी असते. सेटिंगमध्ये ऑटो बॅकअप चालू कर आणि त्याचा फोल्डर पण सी सोडून दुसरीकडे ठेव. आणि सीझनच्या मधे अपडेट आलं म्हणून लगेच दाबू नकोस, नवीन व्हर्जनमध्ये उघडलेलं प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही.


रंकाळा७८:

बघा, एडियसात असली भानगड नाही, फाइल आपली समोर फोल्डरमध्ये दिसत्या. बरं ते जाऊ दे. पक्या, तुझ्या पहिल्या लग्नाचं दाविंचीवर करशील तेव्हा जुन्या एडिटरचा रस्ता लगेच बंद करू नको, एक-दोन ऑर्डरी त्याच्याकडंच जाऊ देत, तू घरी हळद आणि संगीत कर, ते गाण्यावरचं असतं, चुकलं तरी चालतंय. लग्नाचा लांब व्हिडिओ नंतर. आणि पार्टीकडनं गाण्यांची यादी आधी लिहून घे सही घेऊन, नाहीतर सगळं झाल्यावर नवरदेवाचा भाऊ येतो गाणं बदला म्हणून, ते कुठल्याबी सॉफ्टवेअरात तेवढंच दुखतंय.


बार्शीचा_पक्या:

ठरलं मग. रॅम आणि एसएसडीची चौकशी सोलापुरात करतो, फिल्मोरा कॅन्सल, मामाला थांबवलंय. काका, गाण्यांची यादी तुम्ही कागदावर घेता का व्हॉट्सअ‍ॅपवर? फॉर्मसारखं काही असेल तर फोटो टाका की.


रंकाळा७८:

कागदावर. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मी असं म्हणलंच नव्हतं' म्हणून डिलीट मारत्यात. दुकानात गेलो की फोटो टाकतो.